दात बघून घ्या, बाई

नवा कोरा मिक्सर खोक्यातून काढून, त्याच्या तळावरचं लाखेचं सील माझ्या डोळ्यांदेखत फोडून, स्क्रू सोडवून आणि आतल्या तारा माझ्यापुढे मोकळ्या करून दगडूतात्या म्हणाले, "हं, बगा."

"अहो तात्या, नवा आहे तो!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मंग? जुना झाल्यावर बगून काय करनार?"

आकुर्डीत बिऱ्हाड करून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवरा कारखान्यात, मी चिंचवडच्या शाळेत शिक्षिका. घरात येणारी ही पहिली विजेवर चालणारी वस्तू होती. तिला हळदकुंकू लावायचं की नाही एवढाच विचार करत मी दुकानात आले होते, आणि इथे या माणसाने तिचं पोटच उघडून ठेवलं होतं. मी आत बघितलं. तांब्याची तार, काहीतरी काळं, काहीतरी गोल. काय कळणार होतं मला? पण तात्या सोडायला तयार नव्हते. त्यांनी माझं बोट धरल्यासारखं करून एकेक जागा दाखवली. "ही मोटार. हे दोन कार्बन, हे झिजत्यात. ही तार हितनं सुटती. आता तुमच्या हातानं लावा परत."

"मी?"

"यंत्र कुनाचं हाय? माजं का?"

मी घामाघूम होऊन ते स्क्रू परत बसवले. तात्या हाताची घडी घालून बघत राहिले. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा ते खुशीत म्हणाले, "आता झालं तुमचं."

तात्यांचं दुकान मुंबई-पुणे रस्त्याला लागून होतं. त्याआधी त्यांची तिथेच मागे जमीन होती. ज्वारी, हरभरा, विहिरीच्या कडेला थोडी भाजी. साठ सालानंतर कारखाने आले आणि जमीन गेली. तात्या एकदा मला कारखान्याच्या कुंपणाशी घेऊन गेले होते आणि बोट दाखवून सांगितलं होतं, "त्यो क्यांटीन दिसतोय का? तितं आमचा हरबरा." आवाजात रडगाणं अजिबात नव्हतं. तिथे आता शेकडो माणसं जेवतात याचा त्यांना उलट अभिमान होता, जणू ती यांच्याच हरभऱ्यावर जेवत होती. जमिनीच्या पैशातून त्यांनी हे दुकान टाकलं आणि मिक्सर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची एजन्सी घेतली. दारावर कंपनीची निळी पत्र्याची पाटी लागली. पंचक्रोशीत तशी पाटी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. तात्या रोज सकाळी धोतराच्या सोग्याने ती पुसायचे.

दुकानदार झाले तरी त्यांची शेतकऱ्याची खोड गेली नाही. तरुणपणी ते चाकणच्या बाजारात बैलांची पारख करायला जायचे. दुसऱ्यांचे बैलसुद्धा बघून द्यायचे. बैलाच्या तोंडात हात घालून दात बघितल्याशिवाय त्यांनी कधी सौदा होऊ दिला नाही. तेच त्यांनी पंख्याला, रेडिओला आणि मिक्सरला लावलं. वस्तू उघडण्याला ते "दात बघणं" म्हणत. गिऱ्हाईक दारात आलं की हमखास ऐकू यायचं, "दात बघून घ्या, बाई. मागनं म्हनाल, तात्यानं म्हातारा बैल गळ्यात मारला."

यावरून कोणाचा समज होईल की तात्या मोठे कारागीर होते. मुळीच नव्हते! उघडण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता, पण जोडणं हा प्रांत त्यांचा नव्हे. आमच्या मुख्याध्यापकांच्या घरचा छताचा पंखा त्यांनी दुरुस्त केला, तो उलटा फिरायला लागला. खाली वारा येईना. मुख्याध्यापक घाम पुसत विचारायला आले, तर तात्या त्यांना शांतपणे म्हणाले, "सर, ह्यो उन्हाळ्याचा पंखा झाला. वरची गरम हवा हलिवतो. हिवाळ्यात परत सरळ करून देतो." मुख्याध्यापकांनी ते दोन दिवस खरं मानलं.

अशा वेळी धावून यायचे शेजारचे हमीदभाई. त्यांचं सायकलचं दुकान. मूळचे चाकणचे, तीन पिढ्यांचे मेकॅनिक. कमालीचा अबोल माणूस, फक्त तात्यांशी बोलताना त्यांच्या जिभेला धार यायची. "तात्या, अल्लानं तुला दोन हात दिले," ते म्हणायचे, "एक खोलायला, एक जोडायला. तू दोन्ही हातांनी खोलतोस." मग ते पंखा सरळ करून द्यायचे, आणि तात्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमी दोघांनी मिळून केला." हमीदभाई मान हलवत सायकलीकडे वळायचे. दोघांची दुपारची भाकरी मात्र एकाच फळीवर बसून व्हायची.

तात्यांच्या बायकोचं, शेवंताकाकूंचं, निराळंच म्हणणं होतं. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहायच्या आणि तिथूनच सगळ्यावर नजर ठेवायच्या. "बरं झालं पोरांना स्क्रू न्हाईत," त्या मला एकदा म्हणाल्या, "न्हाईतर एक बी पोरगं धड राहिलं नसतं." घरातलं घड्याळ, स्टोव्ह आणि शिवणयंत्र मिळून जे काही तात्यांनी उघडून ठेवलं होतं, ते सगळं त्यांनी निभावून नेलं होतं.

मिक्सर घेतला त्या वर्षी गणपतीच्या आधी तो बंद पडला. नारळ खवून ठेवलेला, पाहुणे यायचे होते, आणि बटण दाबलं की नुसता जळका वास. नवरा म्हणाला, गॅरंटी आहे ना, मुंबईला कंपनीच्या सेंटरवर पाठवू. पुण्यात त्यांचा माणूस यायचा, त्याच्याकडे आम्ही मिक्सर नेला. त्याने तो उलटा केला, तळ बघितला आणि तसाच परत माझ्या हातात ठेवला. "सील फुटलेलं आहे. आम्ही याला हात लावणार नाही."

मी ते यंत्र कडेवर घेऊन बसमधून परत आले ती थेट तात्यांच्या दुकानात. रस्ताभर काय काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं. त्यातलं बरंचसं बोललेही. माझी गॅरंटी तुमच्यामुळे गेली, तुम्हाला कोणी सांगितलं होतं पोट फाडायला, वगैरे. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्यापुढे पाट सरकवला.

"बसा. पिन मांडीखाली घ्या."

हा त्यांचा नियम होता. उघडायच्या आधी वायरची पिन मालकाने स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसायचं. म्हणजे चुकून कोणी ती बोर्डात खुपसायला नको, आणि मालकाला जागेवरून उठताही यायला नको. आजपर्यंत त्या दुकानात कोणाला शॉक बसल्याचं मी ऐकलं नाही. मी रागातच पिनेवर बसले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला, आणि मी रागातच तळ उघडला. आतल्या दोन कार्बनपैकी, म्हणजे मोटारीला वीज पोचवणाऱ्या काळ्या कांड्यांपैकी, एक झिजून बोटाच्या नखाएवढा राहिला होता. माझा मलाच दिसला! कोणी सांगावं लागलं नाही.

"नवा कार्बन द्या मग," मी म्हणाले.

"देत न्हाईत. म्या इचारलं व्हतं. सुटा कार्बन कंपनी इकत न्हाई. सगळी मोटार बदलून घ्या म्हंत्यात." तात्यांचा चेहरा पहिल्यांदाच लाल झाला. "बाई, तुमीच सांगा. नाल झिजला म्हनून बैल बदलायचा का?"

शेजारच्या दुकानातून हमीदभाई उठून आले. त्यांच्याकडच्या डब्यात कुठल्याशा मोठ्या मोटारीचा कार्बन होता. तो त्यांनी पायरीच्या दगडावर घासायला घेतला. घासायचा, जागेवर लावून बघायचा, परत घासायचा. बोटं काळी झाली. शेवटी तो त्या जागेत अलगद जाऊन बसला. तळ मी लावला, पिन मांडीखालून काढून मी बोर्डात घातली आणि बटण मी दाबलं. मिक्सर घरघरला. खरं सांगते, बी.एड.चा निकाल लागला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी वेड्यासारखी हसत सुटले, आणि माझ्याहून मोठ्याने तात्या.

घासलेल्या कार्बनची बातमी कारखान्याच्या चाळीतून फिरायला वेळ लागला नाही. लातूरकडच्या, सांगलीकडच्या, कोकणातल्या बायका आपापले मिक्सर घेऊन येऊ लागल्या. तात्यांच्या दुकानात पाटांची रांगच असायची. प्रत्येक बाई आपल्या पिनेवर बसलेली, आणि तात्या मधून येरझारा घालत, "हितं बगा, तितं बगा, जोर करू नका, तांबं लोण्यावानी मऊ हाय."

आणि ही बातमी मुंबईलाही पोचली. कंपनीचे वागळेसाहेब दुकानात आले. माणूस वाईट नव्हता. टाय लावलेला, नेमस्त बोलणारा, घामाने बेजार झालेला. त्यांनी सांगितलं, यंत्र फक्त कंपनीच्या माणसाने उघडायचं. गिऱ्हाइकाला काही झालं तर जबाबदार कोण?

"गिऱ्हाईक पिनंवर बसतंय, सायेब."

"कशावर?"

तात्यांनी त्यांना पाटावर बसवून दाखवलं. वागळेसाहेब ताडकन उठले. "हे बघा, तुमची विक्री चांगली आहे म्हणून मी स्वतः आलो. सील फोडणं बंद करा. पुढच्या वेळी असं दिसलं तर पाटी काढून न्यावी लागेल."

ते गेल्यावर शेवंताकाकू बाहेर आल्या. "ऐकलंसा का? जमीन गेली. आता हे बी घालवता?"

 दुसऱ्या दिवशी मी दुकानावरून गेले तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला बंद मिक्सर देत होते. सीलसकट.  गिऱ्हाईक निघालं आणि ते लांब जाणाऱ्या खोक्याकडे बघत बसले. माणूस दोन दिवसात उतरला. त्यांना पाटी हवी होती. रोज पुसलेली, गावात मान देणारी, गेलेल्या शेताच्या जागी आलेली पाटी. आणि न बघितलेला बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधणंही त्यांच्याने होत नव्हतं. पंधरवडाभर त्यांनी सील फोडलं नाही. तेवढे दिवस त्या दुकानात हसू ऐकू आलं नाही.

मग आली खंडेनवमी. आमच्या भागात हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. कारखान्यात आदल्या दिवसापासून यंत्रं पुसायची, तेल घालायचं, लेथला झेंडूची माळ, शिफ्टला पेढे. तात्यांच्या घरी पूर्वी नांगर, कुळव, विळे धुऊन पुजायचे. दुकान झाल्यापासून तिथे पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर पुजायला लागले होते. त्या सकाळी बायका नेहमीच्या सवयीने आपले मिक्सर, रेडिओ, इस्त्र्या घेऊन आल्या. पुजायच्या आधी साफ करायला. तात्यांनी दारातच अडवलं. "औंदा न्हाई. तशीच लावा हळद वरनं."

लातूरच्या सुमनवहिनी जरा फटकळ. त्या म्हणाल्या, "तात्या, नांगराचा फाळ मातीसकट पुजला का कधी तुम्ही?"

 तात्यांनी आत जाऊन सतरंजी आणली आणि झटकून अंथरली.

अर्ध्या तासात दुकानापुढचं अंगण भरलं. सगळे तळ उघडे. जुन्या दाढीच्या ब्रशांनी मोटारी झाडल्या जात होत्या, हमीदभाई तेलाची कुपी घेऊन प्रत्येकीपुढे थेंब टाकत होते, मोटारींवर कुंकवाची बोटं उठत होती. तात्या झेंडूच्या टोपल्यांमधून नाचल्यासारखे फिरत होते. आणि नेमके त्याच वेळी दिवाळीची ऑर्डर घ्यायला वागळेसाहेब बसमधून उतरले.

ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. समोर त्यांच्या कंपनीचं अख्खं कुटुंब पाठीवर उताणं पडलं होतं, कपाळाला कुंकू लावून. बायकांचे ब्रश थांबले. हमीदभाईंच्या कुपीतून थेंब पडत राहिला तेवढाच.

"तात्या," साहेब हळू आवाजात म्हणाले, "मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं व्हतं, सायेब."

"हे सगळं बंद करा आत्ताच्या आत्ता. पुन्हा उघडणार नाही असं या लोकांपुढे म्हणा. मी काही बघितलं नाही असं समजतो. दिवाळीचा माल परवा पाठवतो."

आता मला वाटतं, तो माणूस खरंच त्यांना वाचवायला बघत होता. तात्यांनी मान वर करून पाटीकडे बघितलं. मग सतरंजीकडे. मग मागे दारात उभ्या असलेल्या काकूंकडे.   घर त्या पाटीवर चालत होतं.

"न्हाई जमनार, सायेब," तात्या म्हणाले. "पंधरा दीस केलं म्या. झोप लागंना. माल तुमचा व्हता तवर सील तुमचं. गिऱ्हाइकानं इकत घेतला, आता त्येचा हाय. त्येच्या वस्तूला म्या कुलूप कशापायी लावू?"

ते स्टुलावर चढले. पाटी तारेने टांगलेली होती. त्यांनी स्वतःच ती सोडवली, धोतराने पुसली आणि खाली उतरून सतरंजीवर मिक्सरांच्या मध्ये ठेवली. म्हणाले, "इतकी वर्सं खाल्लं हिच्यावर. खंडेनवमीला तशी कशी जाऊ द्यायची?"

मला वाटलं काकू आता कडाडतील. त्या आत गेल्या होत्या. बाहेर आल्या त्या तबक घेऊन. डोळे भरलेले, पण पदर खांद्यावरून नीट घेतलेला. त्यांनी पाटीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि निरांजन ओवाळलं. घरचा बैल विकून जायला निघाला की बायका ओवाळतात, अगदी तसं. मग साहेबांना म्हणाल्या, "सायेब, खाली बसा. ती रिकाम्या हातानं जात न्हाई." वागळेसाहेब बसले. काय करतील? त्यांच्या ओंजळीत नारळ आला, कपाळाला कुंकू आलं, मांडीवर पाटी आली. टायवर एक पाकळी पडली ती त्यांनी काढली नाही.

साहेब उठले आणि पाटीबरोबर लोंबणारी तार गुंडाळायला लागले. तात्यांनी ती अलगद त्यांच्या हातातून काढून घेतली.

"तार राहू द्या. बैल दिला तर दावं देत न्हाई आमी."

दावं म्हणजे बैलाच्या गळ्यातली दोरी. बैल विकला तरी ती घरातच ठेवायची, नाहीतर गोठ्याची बरकत तिच्याबरोबर जाते, अशी त्या बाजूची रीत. वागळेसाहेबांना ती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण त्यांनी तार सोडली. कुंकू लावलेली पाटी काखेत मारून ते बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. बस येईपर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं. दुसऱ्यांदा ते हसत होते असं सुमनवहिनी अजून सांगतात.

दिवाळीला दुकानात माल नव्हता. फळ्या रिकाम्या. पहिले काही दिवस कोणी फिरकलं नाही, आणि तात्या वेळ जाईना म्हणून भिंतीवरचं घड्याळ उघडून बसले. मला वाटलं, संपलं. पण घरोघरी फराळाची भाजणी आणि चटण्या सुरू झाल्या, मिक्सर तापायला लागले, कार्बन झिजायला लागले. मुंबईला पाठवून महिनाभर थांबायला कोणत्या बाईला वेळ होता? निगडीहून, देहूरोडहून, पार कुरुळीहून बायका आल्या. कोणत्याही कंपनीचं यंत्र घेऊन. एका कंपनीची पाटी गेली तसे बाकी सगळ्या कंपन्यांचे दात तात्यांना मोकळे झाले. हमीदभाईंनी सायकलचं अर्धं दुकान कार्बनला दिलं. पाटीच्या त्या तारेवर पट्ट्या, रबरं आणि जुन्या बटणांच्या माळा टांगल्या गेल्या. पैसा पूर्वीइतका नव्हता, काकू तसं उघड बोलायच्याही. पण हसू परत आलं होतं आणि ते रस्त्यापलीकडे ऐकू जायचं.

आमची बदली ऐंशीच्या सुमारास नाशिकला झाली. त्यानंतर एकदाच त्या रस्त्याने गेले. पुण्याहून मुंबईला चालले होते, बस आकुर्डीला जरा थांबली. मी खिडकीतून मान बाहेर काढली. दुकानापुढे एक मोठा फ्रिज पाठ रस्त्याकडे करून उभा होता आणि त्याच्या मागच्या बाजूने तात्यांचं फक्त धोतर दिसत होतं. कमरेपासून वरचा सगळा माणूस फ्रिजच्या आत. बाजूला एक तरुण बाई पाटावर बसलेली. पिनेवर, अर्थातच.

"तात्या!" मी हाक मारली.

फ्रिजमधून एक हात बाहेर आला. म्हातारा, काळ्या बोटांचा. मी आनंदाने हात हलवला, पुन्हा पुन्हा हलवला. मग लक्षात आलं, त्यांना माझी हाक ऐकूच गेली नव्हती. तो हात पाना मागत होता. त्या बाईने पाना उचलला, पण हातात दिला नाही. पिन हातात घट्ट धरून ती उठली, तात्यांच्या पाठीवर थाप मारून तिने त्यांना बाहेर काढलं, आणि पदर खोचून स्वतः आत वाकली. तात्या रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, तिच्याकडे बघत. बस निघाली. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण त्या बाईचा आवाज स्पष्ट आला. फ्रिजच्या आतून ती ओरडत होती, "दिसलं, तात्या! मला दिसलं!"